एका मिनिटात सुचलेली थीम

फेब्रुवारी सरत आला की आमच्या नाशिकमध्ये द्राक्षं आणि परीक्षा एकदमच येतात. स्टेशनबाहेरच्या हातगाड्यांवर हिरव्या घडांचे ढीग लागतात आणि त्याच गाड्यांना वळसा घालून मुलं काखेत पॅड मारून पेपरला जातात. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी तोच कमरेला बांधून फिरावं लागतं. पायाखाली चिरडलेल्या मण्यांचा आंबूस वास रस्ताभर असतो. लोकांना हे दिवस आवडतात. बाहेरगावचे पाहुणे मुद्दाम याच दिवसांत येतात आणि जाताना पेट्या बांधून नेतात. माझ्या मात्र तोंडात या दिवसांत कडू येतं, द्राक्ष कितीही गोड असलं तरी. कोल्ह्याची गोष्ट आठवून कोणी हसलं तर हसो बापडं. कोल्ह्याला द्राक्षं मिळाली नव्हती. मला पेटीभर मिळाली होती, आणि दुखणं तेच आहे.

परवा संध्याकाळी माझी लेक सई चप्पल घालून दारातच उभी राहिली. "आई, कार्डशीट आणायला चल. अनन्याचा बर्थडे आहे. मला हँडमेड कार्ड करायचंय. थीम युनिकॉर्न."

"अनन्याला युनिकॉर्न आवडतो का?"

"सगळ्यांनाच आवडतो," ती म्हणाली. काय हा प्रश्न, असा तिचा चेहरा.

दुकानात गेलो तर सगळं तयार. युनिकॉर्नचे स्टिकर तयार, चमकीची अक्षरं तयार, मागचा डिंकाचा कागद सोलला की झालं. हँडमेड म्हणजे आता हातानं चिकटवायचं, एवढाच अर्थ उरलाय. सईनं पाच मिनिटांत सामान निवडलं. मी कोपऱ्यात वेलवेट पेपरच्या गुंडाळ्यांपाशी उभी राहिले. हिरवा, मरून, जांभळा, निळा. निळ्याला हात लावला आणि काढून घेतला. वेलवेट पेपरवरून बोट फिरवलं की जी लव उलटी होते तिचा मला आजही शहारा येतो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, देऊ का निळा?" मी नको म्हटलं.

थीम हा शब्द अकरावीत आम्हा चौघी मैत्रिणींत मीच आणला होता. बाकीच्या मैत्रिणी एकमेकींना दुकानातली कार्डं द्यायच्या, आत इंग्रजीत चार ओळी छापलेल्या, वर टेडी बेअर. मला ते फसवणुकीसारखं वाटायचं. तेच कार्ड शहरात आणखी कितीजणींना गेलेलं असणार. वाढदिवस एकीचा, मग कार्डही एकीचंच पाहिजे, असं माझं ठाम मत. मतं ठाम असण्याचंच ते वय होतं.

आम्ही चौघी कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये अकरावीत भेटलो. केतकीच्या वडिलांची दिंडोरीला द्राक्षबाग होती. ते राहायला मात्र गंगापूर रोडला. शर्वरीची आई शाळेत शिकवायची. प्राचीच्या घरचं औषधांचं दुकान होतं. मी नाशिकरोडहून सिटीबसनं यायचे. पप्पा सरकारी कचेरीत क्लार्क, आई घरी ब्लाउज शिवायची. आमची कॉलनी बहुतेक बौद्ध घरांची. समोर विहार, मागं रेल्वेचे रूळ. गाडी गेली की ताटातली वाटी थरथरायची आणि आई न बघता तिच्यावर बोट ठेवायची.

कार्ड करायचं म्हणजे माणसावर वर्षभर नजर ठेवावी लागते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, करता करता कळलं. केतकी झोपाळू होती. डोळे उघडे ठेवून झोपायची कला तिला साधली होती. सरांनी नाव घेतलं की "येस सर" म्हणायची आणि पुन्हा झोपायची. तिच्यासाठी मी आईच्या चिंध्यांची तळहाताएवढी गोधडी शिवली, खरे टाके घालून. गोधडी उचलली की खाली कागदाची केतकी तोंड उघडं टाकून झोपलेली, उशाला फिजिक्सचं पुस्तक, आणि पुस्तक उघडलं की आत शुभेच्छा. शर्वरी दिवसाला एक वस्तू हरवायची. पेनाचं टोपण, कानातलं, रबर, पास. तिची हरवलेली एकेक वस्तू मी वर्षभर बाकाखालून वेचून ठेवली आणि खूप खिशांचं कागदी दप्तर करून एकेका खिशात घातली. ती एकेक खिसा उघडत होती आणि किंचाळत होती. प्राचीचा जीव मिसळीत. तिला मी मिसळीची प्लेट केली. लाल जिलेटिनची तर्री, जरीच्या तुकड्यांची शेव, पाव उचलला की खाली संदेश. वर खरं तिखट चोळलं होतं. ती वाचण्याआधी शिंकलीच.

कागद मात्र केतकीच्या घरचा. द्राक्षाच्या पेटीत घडाखाली घालतात तो पातळ, मऊ, दुधी कागद. माल जायला लागला की त्यांच्याकडे त्याचे गठ्ठे यायचे. ती मला थोडे आणून द्यायची आणि मी त्याचे ढग करायचे, पाकळ्या करायचे, कागदी केतकीचं पांघरूण करायचे. आणलेल्या गठ्ठ्यालाही बागेतला वास असायचा. घरी जमिनीवर पसारा मांडून बसले की आई म्हणायची, "परीक्षेत याचे मार्क आहेत का?" पण चिंध्या तीच रंगांप्रमाणे लावून वेगळ्या ठेवायची.

त्या दिवसांत मी सुखी होते, हे मान्य करायला हवं. एखाद्या माणसाचं नेमकं काहीतरी आपल्या हाताला लागलं की जो आनंद होतो तो मला नंतर फारशा कशात मिळाला नाही. बँकेतली नोकरी, लग्न, घर, सगळं नीट झालं. पण शर्वरीचं हरवलेलं कानातलं वर्षभर डबीत सांभाळून ठेवण्यात जी मजा होती तिची सर कशालाच नाही.

माझ्याकडे मात्र कोणी बघत असेल का, हा प्रश्न मला अकरावीतच पडला. माझा वाढदिवस मार्चमधला, ऐन परीक्षेतला. त्या वर्षी केतकीनं द्राक्षांची अख्खी पेटी दिली. क्लासच्या जिन्यात बसून आम्ही चौघींनी खाल्ली, उरलेली मी बसमधून मांडीवर घेऊन घरी आणली. "तुझ्यासारखं कार्ड आम्हाला जमणार आहे का?" शर्वरी म्हणाली. "तू आर्टिस्ट. आम्ही केलं तर तुला हसू येईल." कौतुक करून काम चुकवता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी खूश झाले. द्राक्षं गोड होती.

तरी मनातल्या मनात मी माझं कार्ड करून ठेवलं होतं. माझी थीम सांगायची गरजच नव्हती, मी ती रोज त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. मला गाड्या आवडायच्या. रुळांशेजारी वाढलेली पोर. कुठली गाडी किती वाजता, कुठली उशिरा, सगळं पाठ. आणि स्टेशनवरच्या घोषणेची नक्कल तर अशी करायचे की क्लासमधले सरसुद्धा हसायचे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गंगापूर रोडहून येणारी केतकी एक्सप्रेस आपल्या नियोजित वेळेपेक्षा अर्धा तास उशिराने धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." केतकी दारातून आत येतायेता कमरेत वाकून नमस्कार करायची. प्राची म्हणायची, "शितू, तू बोर्डाच्या परीक्षेत नापास झालीस तर रेल्वेत तुझी नोकरी पक्की!" एवढं सगळं डोळ्यांपुढं असताना गाडीशिवाय दुसरं काय सुचणार? एक लांब डबा, उघडणाऱ्या खिडक्या, खिडकीखिडकीत आम्ही चौघी. मी कागदाचं मापसुद्धा ठरवलं होतं.

बारावीच्या वर्षी, दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हा, केतकी एकदा माझ्या शेजारी सरकली. "शितू, ते दार उघडतं ना तुझ्या कार्डात, कार्ड उघडलं की आपोआप? ते शिकव ना." शर्वरी मागं उभी राहून खोटं खोटं छताकडे बघत होती. मी काही विचारलं नाही. पट्टी कशी कापायची, घडी कुठं द्यायची, डिंक टोकालाच का लावायचा, सगळं त्यांना शिकवलं. केतकीची पट्टी चारदा फाटली. त्या दिवशी बसमधून घरी जाताना मी खिडकीला डोकं टेकून एकटीच हसत होते. पुढचे कितीतरी आठवडे अभ्यास करता करता मध्येच आठवायचं आणि बरं वाटायचं. आपल्यासाठी कोणीतरी डोकं खाजवतंय. मला कार्डाचं अप्रूप नव्हतं, कार्डं मी ढिगानं केली होती. मला फक्त बघायचं होतं की या तिघींना मी कशी दिसते.

वाढदिवस दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत आला. रंगपंचमी तोंडावर होती. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद, उघडायची तयारी चालली होती, आणि प्राचीच्या गल्लीतल्या मुलांनी आधीच कुणाकुणाचे शर्ट रंगवले होते. आम्ही क्लासच्या जिन्यात जमलो. शंका विचारायचं निमित्त. तिघींचे हात पाठीमागं.

"डोळे मीट," केतकी म्हणाली.

हातावर काहीतरी जड आलं. बोटांना आधी वेलवेट लागलं. मी डोळे उघडले.

निळं. गडद निळं, कडेला चंदेरी चमकीची किनार. वरच्या बाजूला चांदीच्या कागदाचं चक्र, अगदी रेखीव. मधोमध फोटो. कोणाचा ते मी इथं लिहीत नाही. महाराष्ट्रात निळा कोट आणि चष्मा म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. आमच्या घरात भिंतीवर आहे, विहारात आहे, पप्पांच्या पाकिटात आहे. कुठल्याशा कॅलेंडरमधून तो नीट कापून घेतला होता, कानाकडची वळणं न बिघडवता. खाली कागदाचं पुस्तक आणि कागदाचं पेन. सगळीकडे चांदण्या.

"आतून बघ, आतून बघ!" शर्वरी उड्या मारत होती.

मी उघडलं. एक दार आपोआप उघडलं. मीच शिकवलेली पट्टी, मीच सांगितलेल्या जागी डिंक. दारावर कॉलेज असं लिहिलेलं आणि दारातून एक खुर्ची बाहेर आली. खुर्चीवर अक्षरं: तुझी सीट पक्की! खाली तिघींच्या सह्या आणि बदाम.

"चक्राच्या आऱ्या मोजून काढल्यात हं मी," शर्वरी म्हणाली. "एकही कमी नाही."

"आणि निळा मुद्दाम शोधला," केतकी म्हणाली. "मम्मीच म्हणाली, त्यांच्यात निळाच लागतो. तुमच्यात शुभ असतो ना तो?"

प्राची कौतुकानं कार्डाकडे बघत होती. "तू एकेका थीमसाठी किती डोकं खाजवतेस! आम्हाला तर तुझी एका मिनिटात सुचली."

मी म्हणाले, "मस्त आहे." आणखी काय म्हणणार होते?

एवढ्या वर्षांत मी तो जिना मनातल्या मनात कितीदा चढले-उतरले. त्यांनी मला दुखवायला केलं असतं तर सोपं झालं असतं. केतकीच्या घरी मी कितीदा जेवले. वेगळी ताटली नाही, वेगळा पेला नाही, तिच्या आईनं माझ्या पानात आग्रहानं वाढलेलं आहे. एकदाच, पहिल्या दिवशी, भाजी वाढताना विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालीस?" मी सांगितलं, त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि आणखी एक पोळी वाढली. वेगळा पेला पुढं आला असता तर काय करायचं ते मला आईनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं. उठायचं आणि घरी यायचं. पण प्रेमानं, चमकी लावून, आऱ्या मोजून पुढं आलेल्या कार्डाचं काय करायचं हे तिनंही सांगितलेलं नव्हतं.

केतकी झोपते म्हणून तिची गोधडी. शर्वरी हरवते म्हणून तिचे खिसे. प्राची तिखट खाते म्हणून तिची मिसळ. त्यांची थीम त्या जे करायच्या त्यातून आली होती. माझी मी जन्मले तिथून आली. दोन वर्षं मी त्यांच्यासमोर नकला केल्या, गाड्या आणल्या, भांडले, हसले, त्यांच्या वह्या पुऱ्या केल्या, आणि त्यातलं काहीही आड न येता त्यांना माझं आडनाव आरपार दिसत होतं. मला वाटायचं, या तिघींत हा विषय कधी निघत नाही म्हणजे तो नाहीच. विषय निघत नव्हता, कारण त्यांच्या लेखी तो कधीच ठरून गेला होता. एका मिनिटात सुचली. ती सीटही. मी पहाटे उठून गणितं सोडवत होते, सूत्रं पाठ करत होते, आणि त्यांच्या मते मी ते सगळं नुसतं हौसेनंच करत होते.

रागवायचं तर कशावर? त्या फोटोवर? त्या माणसामुळे माझे पप्पा शाळेत गेले, माझी आई स्वतःची सही करते, मी त्या क्लासच्या जिन्यात उभी होते. आमच्या घरी एप्रिलमधली जयंती दिवाळीपेक्षा मोठी. मी कपाळाला आठी घातली असती तर या तिघींना काय दिसलं असतं? शितूला लाज वाटते. आणि ते मी मेले तरी दिसू दिलं नसतं. म्हणून हसले. त्या हसण्यात मी अशी अडकले की पुढं कधी बाहेर येताच आलं नाही. माझ्या सगळ्यात जवळच्या गोष्टीचा त्यांनी माझ्यावर पडदा केला होता, आणि तो पडदा मला ओढून काढता येत नव्हता, कारण तो माझाच होता.

घरी आले तर पप्पा ऑफिसातून आलेले. त्यांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की तो मला सहन होईना. "पोरींनी मान ठेवला गं," ते म्हणाले. "आमच्या वेळी पोरं नाव घेत नव्हती. आणि बघ." त्यांनी शोकेसमधलं काचेचा ताजमहाल बाजूला केला आणि कार्ड मधोमध उभं केलं. मग दोन पावलं मागं सरून बघितलं. पुन्हा जाऊन सरळ केलं.

आई मशीनवरून उठली नव्हती. मी आत गेले तेव्हा ती ब्लाउजची बाही उसवत होती. तिनं बाहेर शोकेसकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फोटो चांगला लावलाय," ती म्हणाली. "पण वाढदिवस कुणाचा होता?"

मी तिथंच खाली बसले आणि रडले. आईनं मशीन सुरू ठेवलं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. थोड्या वेळानं म्हणाली, "पप्पांना बोलू नको काही. लय आनंद झालाय त्यांना." मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या काकांना बोलावून पप्पांनी कार्ड दाखवलं. मग विहारातल्या मंडळींना. मग जो येईल त्याला. "हिच्या मैत्रिणींनी स्वतः हातानं केलंय. तिकडच्या आहेत बरं का, गंगापूर रोडच्या." पाहुणे माना डोलवायचे, आणि मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी असायचे.

बारावी झाली. मार्क चांगले पडले. इतके चांगले की मला कुठल्याही दारातनं जाता आलं असतं. शर्वरीनं फोन केला, "बघ, आम्ही म्हटलं होतं ना, तुझी सीट पक्की!" जूनमध्ये तिचा वाढदिवस होता. मी कॉलेज रोडवरच्या दुकानात जाऊन टेडी बेअरचं कार्ड विकत आणलं, आत इंग्रजीत चार ओळी छापलेलं. खाली सही केली. माझी जरा अपेक्षा होती की ती विचारेल, या वर्षी का नाही केलंस? ती म्हणाली, "अय्या, किती क्यूट! असलं मिळतं का इथं?" केतकीनंही हातात घेऊन बघितलं आणि कुठल्या दुकानात मिळालं ते विचारलं. कोणालाही काही कमी पडलं नव्हतं. त्यानंतर मी कात्री हातात घेतली नाही.

माणसं आपल्याला विसरतात याचं मला फार वाईट वाटत नाही. जग चाललेलंच असतं. आठवण ठेवूनही आपल्याला चुकीचंच ओळखतात, त्याचं काय करावं कळत नाही. आमचा ग्रुप अजून आहे, फोनमध्ये. वाढदिवसाला केकची चित्रं पडतात, फुगे पडतात. मला मात्र दरवर्षी न चुकता निळा बदाम येतो. बाकीच्यांना लाल.

आणि ते कार्ड? ते टाकता येत नाही. ज्या कार्डावर तो फोटो आहे ते रद्दीत कसं घालणार? फाडणार कसं? कागदांच्या खाली दडपून ठेवायचं म्हटलं तरी हात धजत नाही, तो फोटो खाली ठेवायची आमच्यात रीत नाही. दुसरं कुठलंही कार्ड असतं तर मी त्याच आठवड्यात चुलीत घातलं असतं. पप्पा होते तोवर ते शोकेसमध्ये राहिलं. पप्पा गेले, कॉलनीतलं घर विकलं, तेव्हा आई म्हणाली, "हे तुझं, तू घेऊन जा." ती असं म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती. आता ते माझ्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात आहे, मऊ कापडात गुंडाळून. चमकी अजून झडते. चादर काढायला गेले की बोटांना लागते आणि दिवसभर बँकेच्या कागदांवर उमटत राहते.

या वर्षी वाढदिवसाला केतकीचा फोन आला. मेसेज नाही, फोन. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. बाल्कनीत जाऊन घेतला. खाली हातगाडीवाला द्राक्षं ओरडत होता.

"शितू! हॅपी बर्थडे गं! ऐक ना, एक काम होतं. यंदा आमच्या सोसायटीत आम्ही एप्रिलमध्ये जयंती करतोय, पहिल्यांदाच. सगळ्यांनी माझ्यावरच टाकलंय. तू येऊन बोलशील का दहा मिनिटं? आमच्याकडं तसं कोणी नाही ना. मी म्हटलं, माझी बेस्ट फ्रेंडच आहे की!"

 मी विचारलं, "केतकी, मला काय काय आवडायचं, आठवतं तुला?"

"म्हणजे?"

"क्लासमध्ये असताना. मी काय करायचे?"

तिच्या मागं मिक्सर चालू होता, तो बंद झाला. "असं काय विचारतेस एकदम... तुला ना, आमच्यासाठी कार्डं करायला आवडायची. जीव टाकायचीस अगदी." मग घाईनं, "मग येशील ना?"

"नाही," मी म्हणाले.

"का गं? राग आला का?"

"हो. आला." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. 

"कशाचा?"

तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या आवाजात कुठंही लपवाछपवी नव्हती, नुसती काळजी होती.  मी म्हणाले, "बारावीत तुम्ही मला कार्ड दिलं होतं. आठवतं?"

"अगं, ते निळं!" ती ओरडलीच. "विसरेन का? आयुष्यात तेवढं एकच कार्ड केलं मी हातानं. माझ्या पट्ट्या फाटत होत्या आणि शर्वरी आऱ्या मोजत बसली होती! आहे अजून?"

"आहे."

"बघ!" केतकी म्हणाली. "इतकी वर्षं जपून ठेवलंस. मला माहीत होतं, तुला फार आवडलं होतं ते."